लुगडं सांगेल तशी गोधडी

कागदावर नक्षी काढून मग कापड शोधायला गेलात तर गोधडी अडते. आधी घरात आहे ते कापड पसरा. नऊवारी लुगडं साधारण 8 मीटर लांब असतं. चार पदरी, म्हणजे चार थरांची घडी घातली की 2 मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद अशी एका माणसाची गोधडी होते, तीही न कापता. सहावारी साडी साडेपाच मीटरची, ती तीन पदरी घालावी. चार पदरी केली तर फक्त लहान मुलाला पुरेल.

सगळं कापड आधी धुऊन खळ काढा, कारण खळ राहिली तर सुई अडते. मग ते उजेडासमोर धरा. विरलेला भाग लगेच दिसतो. तिथे दोन अंगठ्यांनी ताणून पाहा. चर्र आवाज आला तर तो भाग वर घेऊ नका, घडीच्या आत जाऊ द्या. मात्र दोन विरलेले भाग एकमेकांवर आले की तिथेच पहिल्यांदा भोक पडतं, म्हणून घडी थोडी सरकवून घाला. जिथे वरचाच पदर विरलाय तिथे ठिगळ येणार. ठिगळं कुठे आणि किती हे इथेच ठरतं, आणि गोधडीची नक्षीही त्यातूनच निघते.

ठिगळाला कोरं सुती कापड घेणार असाल तर आधी दोनदा धुवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि भोवतीचं जुनं कापड चुण्या धरतं. रंग जातो का हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो म्हणतात, पण त्यावर भरवसा नको. जाणारा रंग पांढऱ्याशेजारी लावूच नये.

दोरा सुतीच हवा. पॉलिएस्टरचा दोरा जुन्या सुतापेक्षा चिवट असतो, ताण आला की दोऱ्याआधी कापडच फाटतं. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो. दाभण नको, मोठी भोकं पडतात.

टाके घालण्याआधी पदर जमिनीवर पसरून, मधून बाहेरच्या दिशेने हात फिरवून सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. हा टप्पा गाळला की काठाकडून आत शिवत जाताना मध्ये फुगा येतो, आणि तो उसवल्याशिवाय जात नाही. मग काठापासून चौकोनी फेरे घेत धावदोरा घाला. कापड धड असेल तर दोन ओळींत इंचभर अंतर चालतं. विरलेलं असेल तर अर्धा इंच, कारण तिथे ताण टाक्यांनीच वाटून घ्यायचा असतो. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. दोरा ओढून घट्ट करू नका, गोधडी आखडते. गाठी पदरांच्या आत लपवा.

जरीचा किंवा जाड काठ मध्ये घेऊ नका, तिथे सुई जात नाही. तो कडेला ठेवा, गोट म्हणजे कडेची पट्टी वेगळी लावावी लागणार नाही. नायलॉनच्या साड्या टाक्याखाली सरकतात आणि घामही शोषत नाहीत, त्या बाजूलाच राहू द्या. सहापेक्षा जास्त पदर घेतले तर हाताने शिवणं अवघड होतं, आणि भिजलेली गोधडी पिळायला दोन माणसं लागतात.