"तेवढं जाता जाता करून द्या"वर माझा उपाय

फोंड्यात माझं सुतारकाम आहे. चतुर्थी जवळ आली की गिऱ्हाईक मोठ्या रकमेवर फारसं भांडत नाही. भाव ठरतो, आगाऊ पैसे मिळतात आणि मग सुरू होतं: "काका, गणपतीवरच्या माटोळीची चौकट पण करून द्या ना." (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास.) मग देव्हाऱ्याला ड्रॉवर. मग जुन्या दाराची बिजागरी. एकेक मागणी इतकी लहान की नाही म्हणणारा कद्रू दिसतो, आणि मागणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं!

आता मी भाव सांगण्याआधीच विचारतो, "आणखी काय काय करायचंय? सगळं आत्ताच सांगा." यादी संपेपर्यंत आकडा तोंडातून काढत नाही. नंतर आलेल्या मागणीला जागच्या जागी होकार नाही, नकारही नाही. वहीत लिहितो, पुढे दर नि वाढणारे दिवस टाकतो आणि म्हणतो, "हे हवं तर पॉलिश चतुर्थीनंतर." बदल्यात काही सोडावं लागतंय म्हटल्यावर बऱ्याच मागण्या तिथेच विरतात.

खाली सही घेतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० प्रमाणे, फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ समोरच्याने घेतला तर त्याने मोबदला द्यायचा असतो. पण हेतू फुकटचा नव्हता हे दाखवणार कशावरून?

बिजागरी मात्र अजूनही फुकट बसवतो. फक्त बिलात तिची किंमत लिहून पुढे "सवलत" टाकतो, म्हणजे पुढच्या कामात ती हक्काची होत नाही.