लेन्सला बुरशी लागते ती कपाटात! पावसाळ्यात या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी गणपतीत कॅमेरा बाहेर काढला आणि आरतीचे फोटो धुरकट यायला लागले. समईच्या ज्योतीभोवती उजेड पसरायचा, काळ्या भागावरही पांढुरकी छटा. काचेला बोट लागलं असेल म्हणून पुसून पाहिलं, फरक नाही. शेवटी लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारला. आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, फांद्या फुटलेल्या रेघा होत्या. माझी सगळ्यात लाडकी ५० एमएम लेन्स! जूनपासून ती पावसात एकदाही गेली नव्हती. जाड पाऊचमध्ये घालून कपड्यांच्या कपाटात नीट ठेवलेली होती.

तिथेच चुकलं. कॅमेऱ्याची बॅग किंवा पाऊच फिरताना वापरायचा, लेन्स महिनोन् महिने त्यात ठेवायची नाही. आतला फोम ओल धरून ठेवतो, वर अंधार आणि कोंदट हवा. मुंबईत, कोकणात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते, आणि अशा हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही. वाढताना ती आम्ल सोडते, ते काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग, खातं. लवकर लक्षात आलं तर लेन्स उघडून साफ करून मिळते, पण कोटिंगवर उमटलेला डाग कायमचा.

उपाय स्वस्त आहे. चारही बाजूंनी कडी लागणारा, झाकणाला रबर असलेला प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, आणि आर्द्रता दाखवणारा छोटा हायग्रोमीटर ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. फार खाली, ३० च्या आत नेऊ नका, अतिकोरडी हवाही रबराला आणि वंगणाला सोसत नाही. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या टाकून निर्धास्त होऊ नका. त्या आपल्या हातात येईपर्यंत बहुतेक वेळा ओल पिऊन बसलेल्या असतात. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्या. ते हिरवे झाले की स्वयंपाकात न वापरायच्या भांड्यात मंद आचेवर तापवा, पुन्हा नारिंगी होतात. निळे दाणे घरात नकोत, त्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं. तीन-चार लेन्स झाल्या की मात्र आतली हवा कोरडी ठेवणारं, विजेवर चालणारं कपाट, म्हणजे ड्राय कॅबिनेट, घेतलेलं बरं.

तांदळात लेन्स पुरणारे अजून भेटतात. कृपा करून नको. तांदळाची भुकटी फोकसच्या रिंगमधून आत जाते. डांबराच्या गोळ्या ओल शोषत नाहीत, त्यामुळे त्यांचाही उपयोग नाही. आणि लेन्स कडक उन्हात ‘वाळत’ ठेवली तर आतलं वंगण पातळ होऊन अॅपर्चरच्या, म्हणजे आत येणारा उजेड कमी-जास्त करणाऱ्या, पात्यांवर उतरू शकतं.

आता बाहेरच्या चुका. हरिहरेश्वरला एसी खोलीतून पहाटे थेट समुद्रावर गेलात की काचेवर वाफ धरणारच. गार काच, दमट हवा. अशा वेळी पुसत बसू नका, वाफ पुन्हा धरते. लेन्स बदलायची तर मुळीच नाही, तीच वाफ कॅमेऱ्यातल्या, फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर बसेल. कॅमेरा बॅगेत, चेन बंद ठेवून अर्धा तास आधी बाहेरच्या हवेत आणा आणि हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

‘बॉडी वेदर-सील्ड आहे’, म्हणजे कॅमेऱ्यात पाणी-धूळ शिरू नये अशी सोय आहे, म्हणून धबधब्याखाली उभं राहणं हीही नेहमीची चूक. माउंटला, म्हणजे कॅमेऱ्याला जोडते त्या जागी, रबरी रिंग नसलेली साधी १८-५५ किट लेन्स लावली असेल तर पाणी जोडातूनच आत शिरतं. सरींमध्ये लेन्सच्या तोंडावर बसणारं हूड लावा, वरून प्लास्टिकची पिशवी ओढून हूडला रबरबँडने बांधा. घरी आल्यावर बाहेरून कोरडं करा, आणि बॅग रिकामी करून पंख्याखाली उघडी ठेवा. ओल्या बॅगेत कॅमेरा रात्रभर राहिला की दिवसभराची सगळी काळजी वाया.

साफसफाईत क्रम चुकतो. आधी हवा मारणारा ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. धूळ न उडवता शर्टाच्या टोकाने पुसलंत तर तेच कण काचेवर घासले जातात. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात.

आणि महिन्यातून एकदा, काही बिघडलेलं नसलं तरी, टॉर्च मारून लेन्स पाहा. तिरक्या कोनातून पाहिलं की आतलं दिसतं. सुटे ठिपके दिसले तर ती धूळ, तिने फोटोला फारसा फरक पडत नाही. फांद्या फुटलेल्या रेघा दिसल्या तर लेन्स बाकीच्यांपासून वेगळी काढा आणि त्याच आठवड्यात दुरुस्तीला न्या. सेकंडहँड लेन्स घेतानाही पैसे देण्याआधी हा टॉर्च माराच.