यूपीएस ओरडतोय? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

जूनच्या वाऱ्यात माडाची झावळी तारांवर पडली की गोव्यात सत्तरीपासून काणकोणपर्यंत घरोघरी यूपीएस आणि इन्व्हर्टर पीं-पीं करू लागतात. मग कोणी आवाज बंद करण्याचे बटण दाबून मोकळे होते, तर कोणी थेट नवी बॅटरी आणते. दोन्ही घाईचे. आधी एवढेच पाहा: तो ओरडतोय तेव्हा भिंतीवरच्या सॉकेटमध्ये वीज आहे का?

वीज नसताना काही सेकंदांनी एकदा येणारी पीं म्हणजे बिघाड नव्हे, यूपीएस बॅटरीवर चालतोय एवढेच. ती भरभर येऊ लागली की काम सेव्ह करून संगणक बंद करायचा. सलग आवाज बहुधा ओव्हरलोडचा किंवा आतल्या दोषाचा. ठेका कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे मॅन्युअलमधल्या त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या.

खरा घोळ वीज असताना होणाऱ्या आवाजाचा.

शेजाऱ्यांकडे दिवे लागलेत आणि आपला इन्व्हर्टर मात्र तासाभरात ‘लो बॅटरी’ म्हणतोय, तर त्याच्या मागे हात घाला. तिथे इनपुटचा छोटा एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) किंवा बटणाचा ब्रेकर असतो. वीज परत येतानाच्या झटक्याने तो पडतो आणि बिचारी बॅटरी एकटी घर ओढत राहते. लोड कमी करून एकदाच वर करा. पुन्हा पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, जबरदस्ती नको. सैल प्लग आणि काळवंडलेली सॉकेटची पिनही हाच प्रकार घडवते.

संध्याकाळी मिनिटामिनिटाला टिक-टिक करत बॅटरीवर जाणे-येणे हे कमी व्होल्टेजचे लक्षण. सॉकेटमधले व्होल्टेज मोजून मीटर 180 व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर बॅटरीचा काही दोष नाही, तक्रार वीज खात्याकडे. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा स्विच असेल, तर पंखे-दिव्यांपुरता नॉर्मल मोड जास्त चढउतार सोसतो. जनरेटरवरही असेच होते. वेग डळमळला की यूपीएस ती वीज नाकारतो.

ओव्हरलोडची चूक हिशेबाची. 600 व्हीएचा यूपीएस म्हणजे 600 वॅट नव्हे. घरगुती मॉडेल्समध्ये साधारण 360 वॅट. त्यावर लेझर प्रिंटर लावला तर फ्यूजर (टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) तापताना तो एकटाच सगळे खाऊन टाकतो. गणेश चवथीत मखराच्या माळा त्याच एक्स्टेन्शनवर चढवल्या तर आवाज येणारच.

मोजल्याशिवाय बॅटरीवर खापर फोडू नका. यूपीएस बंद करा, प्लग काढा, अंगठी-बांगडी उतरवा, आधी काळी तार सोडवा. मग तीन-चार तास थांबा आणि मल्टिमीटरने बॅटरीचे व्होल्टेज मोजा. चार्जिंगवरून काढल्याबरोबर मीटर 13 च्या वर दाखवतो, तो आकडा फसवा असतो. 12.7 व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, 12 च्या खाली म्हणजे रिकामी. रात्रभर चार्ज करूनही 10.5 च्या आसपासच अडकली तर सहांपैकी एक सेल शॉर्ट झाला आहे, ती बॅटरी गेलीच. व्होल्टेज ठीक दिसले तरी जोडणी परत करून, पूर्ण चार्जवर 60 वॅटचा साधा पिवळा (फिलामेंटचा) बल्ब लावून बघा. प्लग ओढू नका, सॉकेटचा स्विच बंद करा, म्हणजे अर्थिंग टिकते. 12 व्होल्ट 7 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) नवी बॅटरी साधारण अर्धा तास काढते. पाच मिनिटांत धाप लागली तर बदला.

आपल्याकडच्या दोन खास खोडी. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर हिरवी-पांढरी पूड धरते. ट्युब्युलर (पाणी घालावे लागणाऱ्या इन्व्हर्टरच्या) बॅटरीची टोपणे घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, पाणी आत जाता कामा नये. कोरडे करून आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. पाणी घालायचे ते डिस्टिल्डच. आरओचे किंवा पावसाचे चालत नाही. दुसरी खोड अर्थिंगची. एप्रिल-मे महिन्यांत चिऱ्याची (जांभ्याची) जमीन सुकते, अर्थिंग कमजोर पडते आणि काही यूपीएसवर वायरिंग-दोषाचा दिवा लागतो. न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्टेज 3 व्होल्टच्या आत असावे. जास्त असेल तर अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून परत मोजा. फरक पडला नाही तर फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना, ते तपासून घ्या.

मुंबईला राहून फक्त चवथीला घर उघडणाऱ्यांची बॅटरी वापराने मरत नाही, उपाशी राहून मरते. वर्षभर डिस्चार्ज पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसते. दर दोन-तीन महिन्यांनी शेजाऱ्यांकडून एक रात्र चार्ज करून घ्या.

दोन बॅटऱ्यांच्या 24 व्होल्ट सिस्टिममध्ये एकच नवी टाकू नका. जुनी लवकर संपते, अलार्म तसाच राहतो आणि नवीचीही वाट लागते. जोडी एकाच वेळी बदला, मार्करने तारीख लिहा आणि जुनी विक्रेत्याला परत द्या. भंगारवाल्याने अंगणात फोडली तर शिसे आणि ॲसिड विहिरीत उतरते.