विखुरलेली माहिती जुळू देऊ नका: इंटरनेटवर खासगीपणा जपण्याची रीत

'माझ्याकडे लपवण्यासारखे काहीच नाही' असे म्हणणारी माणसे सर्वांच्याच परिचयाची असतात, आणि त्यांचे म्हणणे बहुधा प्रामाणिकही असते. अडचण अशी की इंटरनेटवर खासगीपणा जाण्यासाठी गुपित असावेच लागत नाही. जन्मतारीख, रोजचा जाण्यायेण्याचा रस्ता, रात्री उशिरा शोधलेले एखाद्या आजाराचे नाव, मोबाइल क्रमांक यांपैकी प्रत्येक गोष्ट सुटी असताना निरुपद्रवी असते. ती दुसरीशी जुळली की मात्र त्यातून एक ठरावीक माणूस उभा राहतो आणि त्याने कोणालाही न सांगितलेल्या गोष्टी परक्यांना कळू लागतात. म्हणून सगळेच लपवण्याच्या मागे लागण्यापेक्षा ही जुळणी अवघड करण्याचे काम हाती घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील सर्व उपाय त्याच हेतूने निवडले आहेत.

जुळणीला किती थोडी सामग्री पुरते, हे आधी पाहू. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी, नावे वगळून, संशोधकांना उपलब्ध करून देण्यात आल्या होत्या. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या लटान्या स्वीनी यांनी त्या नोंदी मतदारयादीशी ताडून पाहिल्या आणि खुद्द राज्याच्या गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पाच अंकी क्रमांक एवढ्यावरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक नेमके ओळखता येतील, असा अंदाज त्यांनी २००० साली मांडला. पुढे २००६ साली इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी इंटरनेटवर घेतलेले दोन कोटी शोध नावांच्या जागी क्रमांक घालून प्रसिद्ध केले. काही दिवसांतच पत्रकारांनी केवळ शोधशब्दांच्या आधारे त्यांतील एका महिलेचा माग काढला. २०१३ सालच्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा माणूस कोणत्या वेळी साधारण कोठे होता याच्या अवघ्या चार नोंदी ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळे काढण्यास पुरेशा ठरल्या. 'तुमची माहिती नाव काढूनच वापरली जाते' या आश्वासनावर किती विसंबावे, हे यावरून ठरवता येईल.

ठिकाणापासून सुरुवात

वेळ थोडा असेल तर सर्वांत आधी फोनमधील ठिकाणाच्या परवानग्या तपासाव्यात, कारण रात्रीचे आणि दिवसाचे नेहमीचे ठिकाण एवढ्या दोन नोंदींतून घर आणि कामाची जागा उघड होते, आणि ही जोडी जुळणारी माणसे फार थोडी असतात. सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या विभागात ठिकाण वापरणाऱ्या सर्व ॲपची यादी असते. ती वरून खाली वाचावी आणि प्रत्येक नावापाशी एकच प्रश्न विचारावा: याचे काम माझे ठिकाण कळल्याशिवाय अडते का? नकाशाचे अडते, फोटो सजवणाऱ्या ॲपचे किंवा खेळाचे अडत नाही. ज्यांचे अडत नाही त्यांची परवानगी काढून टाकावी आणि उरलेल्यांना 'फक्त ॲप वापरताना' एवढीच मुभा ठेवावी. आयफोनमध्ये आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडमध्ये आवृत्ती १२ पासून अचूक ठिकाणाऐवजी अंदाजे ठिकाण देण्याची सोय आहे. हवामान सांगणाऱ्या ॲपला तेवढे पुरते.

अँड्रॉइड फोनमध्ये आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. ठिकाणाच्या सेटिंग्जमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ स्कॅनिंगचे वेगळे पर्याय असतात, आणि ते चालू असल्यास वायफाय वा ब्लूटूथ बंद दिसत असतानाही फोन आसपासची उपकरणे शोधत राहू शकतो. हे दोन्ही पर्याय बंद करावेत.

नावाशिवायचे ठिकाणही बोलके असते. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातील वापरकर्त्यांच्या धावण्याचे मार्ग एकत्र करून एक नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. तरीही जानेवारी २०१८ मध्ये जाणकारांच्या लक्षात आले, की ओसाड वाळवंटातील लख्ख रेषा म्हणजे सैनिकी तळांवर धावणाऱ्या जवानांचे मार्ग आहेत. सैनिकी तळ जिथे उघडे पडले, तिथे रोज पहाटे घरापासून निघून घरापाशी संपणारा एखाद्याचा मार्ग काय काय सांगेल, याचा विचार करून अशा ॲपमध्ये मार्ग 'फक्त मला दिसावा' असे ठरवावे.

मोबाइलने काढलेला एखादा फोटो उघडून त्याचे तपशीलही पाहावेत. फोनचे मॉडेल, सेकंदापर्यंतची वेळ आणि कॅमेऱ्याला ठिकाणाची परवानगी दिलेली असल्यास अक्षांश-रेखांश, तेही दशांश चिन्हापुढे कित्येक अंकांपर्यंत, असे सगळे फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेले आढळते. दशांशानंतरचा पाचवा अंक जमिनीवरचा साधारण एक मीटरचा फरक दाखवतो. फोनचा अंदाज काही मीटर चुकला तरी इमारत कळतेच. अधिकाऱ्यांना चुकवत फिरणारे अँटिव्हायरस उद्योजक जॉन मॅकॅफी ग्वाटेमालात असल्याचे २०१२ साली एका नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या अशाच फोटोतील नोंदीवरून उघड झाले होते. कॅमेऱ्याची ठिकाणाची परवानगी बंद ठेवली की पुढचे फोटो सुरक्षित होतात. जुने फोटो पाठवताना सावध राहावे: व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातील ही नोंद निघून जाते, पण तेच चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ईमेलला जोडून पाठवले तर ती तशीच पोहोचते.

सगळीकडे सारखे असणारे धागे

दोन वेगळ्या ठिकाणची माहिती एकाच माणसाची आहे, हे ओळखायला सामाईक खूण लागते. अशा खुणांपैकी एक फोनमध्येच असते: जाहिरातींचा आयडी. एकाच फोनमधील निरनिराळी ॲप तो वाचतात, त्यामुळे माहितीच्या दलालांना त्यांच्या नोंदी सहज सांधता येतात. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातींच्या विभागात हा आयडी कायमचा हटवता येतो. आयफोनमध्ये एप्रिल २०२१ च्या आयओएस १४.५ पासून माग काढण्यापूर्वी ॲपने परवानगी मागणे बंधनकारक आहे. ट्रॅकिंगच्या विभागातील 'विनंती करू द्या' हा पर्याय बंद केला की सर्वांना एकदमच नकार जातो. हे काम मिनिटाभराचे आहे आणि त्यामुळे कोणतेही ॲप बंद पडत नाही, म्हणून ते लांबणीवर टाकू नये.

ईमेलचा पत्ता हा दुसरा धागा. बँक आणि सरकारी कामे, जवळच्या माणसांशी पत्रव्यवहार, आणि खरेदी वा वर्गणी या तिन्हींसाठी किमान तीन वेगळे पत्ते ठेवावेत. ॲपलची 'हाइड माय ईमेल' किंवा 'फायरफॉक्स रिले' यांसारखी सेवा प्रत्येक संकेतस्थळासाठी नवा पत्ता तयार करून देते आणि आलेले पत्र मूळ पत्त्यावर पोहोचवते; त्रास झाला तर तेवढाच पत्ता बंद करता येतो. जीमेलच्या पत्त्यात अधिकचे चिन्ह घालून नवा पत्ता केल्याचे समाधान अनेकजण मानतात, पण त्या चिन्हापुढचा भाग कोणताही संगणक सहज कापून टाकतो आणि मूळ पत्ता हाती येतो. त्याचा या कामी उपयोग नाही.

मोबाइल क्रमांक हा माझ्या मते सर्वांत धोक्याचा धागा आहे, कारण माणूस वर्षानुवर्षे तो बदलत नाही आणि तो विचारला तर सवयीने सांगून टाकतो. फॉर्ममधील ज्या रकान्यापुढे तो अनिवार्य असल्याची खूण नाही, तो रकाना रिकामा सोडावा. दोन टप्प्यांच्या पडताळणीसाठी शक्य असेल तेथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे फोनवरच तात्पुरता संकेतांक तयार करणारे ॲप, वापरावे. क्रमांकही द्यावा लागत नाही आणि सिम दुसऱ्याच्या नावे करून ओटीपी पळवण्याचा मार्गही बंद होतो. सिग्नल या संदेश पाठवण्याच्या ॲपवर २०२४ पासून क्रमांक न दाखवता वापरनाव देऊन संपर्क साधता येतो. खात्याच्या सुरक्षेसाठी आईचे माहेरचे आडनाव किंवा पहिली शाळा विचारली जाते, तेव्हा खरे उत्तर देण्याची काहीच गरज नसते. मनाचे उत्तर द्यावे आणि ते पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे सर्व पासवर्ड कुलूपबंद साठवणाऱ्या ॲपमध्ये, जपून ठेवावे. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड असावा, हे सर्वांना ठाऊकच आहे. पासवर्ड मॅनेजर नसेल तर ते पाळले जात नाही, एवढेच सांगतो.

ब्राउझरमध्ये

कुकी म्हणजे संकेतस्थळाने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. तिची कल्पना १९९४ साली नेटस्केप या ब्राउझरमध्ये लू मोंटुली यांनी आणली, ती संकेतस्थळाला आपलाच पाहुणा पुन्हा ओळखता यावा म्हणून. पुढे जाहिरात कंपन्यांनी हजारो संकेतस्थळांवर आपला छोटा कोड बसवला आणि त्रयस्थ कुकींच्या, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज इतरांनी ठेवलेल्या कुकींच्या, आधारे तोच पाहुणा सगळीकडे ओळखायला सुरुवात केली. सफारीने मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी पूर्ण अडवल्या. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी आपोआप वेगळ्या ठेवतो. क्रोममध्ये त्या सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः बंद कराव्या लागतात.

खासगी खिडकी, म्हणजे इनकॉग्निटो, याविषयी मोठा गैरसमज आहे. त्या खिडकीतील इतिहास तुमच्या उपकरणावर राहत नाही, एवढाच तिचा उपयोग. इंटरनेट पुरवणारी कंपनी, कार्यालयाचे नेटवर्क आणि भेट दिलेले संकेतस्थळ यांना तुमची ये-जा तरीही दिसते. याच मुद्द्यावर गुगलविरुद्ध २०२० साली अमेरिकेत खटला दाखल झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. व्हीपीएन, म्हणजे तुमची इंटरनेटवरची सगळी ये-जा आपल्या सर्व्हरमधून नेणारी सेवा, हिच्याकडूनही फार मोठी अपेक्षा ठेवू नये. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला जे दिसत होते ते व्हीपीएन कंपनीला दिसू लागते. विश्वास कोणावर टाकायचा, एवढाच बदल होतो. जाहिराती अडवणारे एखादे विश्वासार्ह एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, जरूर बसवावे, पण एक्स्टेन्शनांची गर्दी करू नये, कारण त्यांतील अनेकांना तुम्ही उघडलेले प्रत्येक पान वाचता येते.

दुवा पुढे पाठवण्यापूर्वी त्यावर नजर टाकण्याची सवय लावावी. 'शेअर' बटणातून मिळालेल्या दुव्यात प्रश्नचिन्हापुढे अक्षरांची जी लांब माळ असते, तीत अनेकदा पाठवणाऱ्याची खूण असते. समोरच्याने दुवा उघडला की तुमची दोघांची ओळख नोंदली जाऊ शकते. प्रश्नचिन्हासह पुढचा भाग पुसून दुवा उघडून पाहावा. बहुतेकदा पान नीट उघडते. क्वचित त्याच भागात पानाचा क्रमांक असतो, तेव्हा तेवढा राहू द्यावा.

जुनी खाती

ॲप काढून टाकले म्हणजे खाते बंद झाले, असे होत नाही. ईमेलमध्ये 'स्वागत' आणि 'पडताळणी' या अर्थाचे इंग्रजी शब्द शोधले की विसरलेल्या खात्यांची यादी आपोआप मिळते. प्रत्येक खात्यात जाऊन जे पुसता येते ते पुसावे आणि मग खाते हटवण्याची विनंती करावी. याहूचे २०१३ साली तीन अब्ज खात्यांचे तपशील चोरीला गेले, त्यांत वर्षानुवर्षे न उघडलेली खातीही असणारच. आपला पत्ता कोणत्या गळतीत सापडला आहे, हे ट्रॉय हंट यांच्या 'हॅव आय बीन पोन्ड' या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर कायद्याने आपल्या माहितीची प्रत मागण्याचा, आणि ठरावीक परिस्थितीत ती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. इतर अनेक देशांतही असे कायदे आहेत. अशा विनंतीच्या पत्रात खात्याचा ईमेल, नेमकी मागणी आणि माहिती कोणाकोणाला दिली याची विचारणा असावी. ओळख पटवण्यासाठी मागितल्याशिवाय आणखी कागदपत्रे पाठवू नयेत.

दुसऱ्यांची माहिती

स्वतःसाठी कितीही काळजी घेतली तरी दुसऱ्याच्या एका परवानगीने ती वाया जाऊ शकते, आणि आपणही दुसऱ्यांचे असेच नुकसान करत असतो. २०१८ साली उघडकीस आलेल्या केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात व्यक्तिमत्त्व चाचणीचे ॲप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनीच वापरले होते. त्यांच्या फेसबुक मित्रांमार्फत मात्र ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेल्याचे खुद्द फेसबुकने सांगितले. त्या मित्रांना कोणी विचारले नव्हते. यामुळे 'संपर्क पाहू द्या' या प्रश्नाला होकार देताना मला अतिशय संकोच वाटतो: त्या यादीतील क्रमांक माझ्या विश्वासावर मला दिलेले असतात, त्यात डॉक्टर असतात, अडचणीतली मैत्रीण असते, पत्ता लपवून राहणारे कोणी असू शकते. लहान मुलांच्या बाबतीत तर ही जबाबदारी दुप्पट होते, कारण त्यांचा चेहरा, नाव आणि शाळा एकत्र प्रसिद्ध झाली की मुले मोठी झाल्यावरही या तीन गोष्टी पुन्हा सुट्या करता येत नाहीत.

संपर्कांची परवानगी नाकारूनही बहुतेक ॲप चालतात. हवा तो क्रमांक हाताने टाकता येतो. आयओएस १८ पासून पूर्ण यादीऐवजी निवडक संपर्कच देण्याची सोय झाली आहे. परवानगी यापूर्वी दिलेली असेल तर ती नुसती बंद करून थांबू नये, कारण आधीच गेलेली यादी त्या कंपनीकडे तशीच राहू शकते. ॲपच्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये अपलोड केलेले संपर्क हटवण्याचा पर्याय शोधावा, तो वापरावा आणि तो नसेल तर वर सांगितलेल्या विनंतीपत्रात त्या यादीचा वेगळा उल्लेख करावा.