पायथॉनमध्ये करंट डिरेक्टरी कशी बघायची (आणि समोरची फाइल सापडत का नाही)

फाइल डोळ्यासमोर आहे, स्क्रिप्टच्या शेजारीच पडलीय, तरी पायथॉन फाइल नॉट फाउंड म्हणतोय? बहुतेक वेळा फाइलचा काही दोष नसतो, प्रोग्रामच भलत्या फोल्डरमध्ये उभा असतो.

आधी तो कुठे आहे ते विचारा. वर इम्पोर्ट ओएस लिहा, खाली ओएस डॉट गेटसीडब्ल्यूडी प्रिंट करा (सीडब्ल्यूडी म्हणजे करंट वर्किंग डिरेक्टरी, प्रोग्राम सध्या ज्या फोल्डरमध्ये उभा आहे तो), पुढचा रिकामा कंस विसरू नका, नाहीतर पाथऐवजी (म्हणजे फोल्डरच्या पूर्ण पत्त्याऐवजी) फंक्शनचीच माहिती छापून येते. पायथॉन ३.४ पासून पाथलिब पण आहे, वर फ्रॉम पाथलिब इम्पोर्ट पाथ लिहा, मग पाथ डॉट सीडब्ल्यूडी आणि तसाच कंस, उत्तर तेच येतं पण पुढे नुसता स्लॅश टाकून फाइलचं नाव जोडता येतं म्हणून मी हेच वापरतो.

आता खरी गोम. ही डिरेक्टरी म्हणजे स्क्रिप्ट सेव्ह केलीय ती जागा नव्हे, प्रोग्राम जिथून चालू केला ती. समजा हिशोब डॉट पीवाय ही स्क्रिप्ट प्रोजेक्टच्या आतल्या कोड फोल्डरमध्ये आहे आणि तुम्ही टर्मिनल प्रोजेक्टमध्ये उघडून पायथॉन कोड स्लॅश हिशोब डॉट पीवाय चालवलं, तर उत्तर येणार प्रोजेक्ट, आणि डेटा डॉट सीएसव्ही पण तिथेच शोधली जाणार, ती कोडमध्ये ठेवली असेल तर बसा बोंबलत. क्रॉनमधून (लिनक्सवर ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवतो तो) चाललं तर साधारण युजरचं होम फोल्डर येतं, आणि विंडोजवर तेच काम करणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये स्टार्ट इन हा रकाना रिकामा सोडला तर चक्क सिस्टिम३२! हाताने चालवलं की चालतं आणि रात्री आपोआप चालत नाही, असं असेल तर पहिलं हेच लॉग फाइलमध्ये लिहून बघा, फक्त त्या लॉग फाइलला पूर्ण पाथ द्या नाहीतर लॉगच शोधत बसाल.

स्क्रिप्टसोबतच राहणारी फाइल असेल तर सीडब्ल्यूडीच्या भरवशावर राहू नका. पाथच्या कंसात फाइल हा शब्द लिहा, मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर, मग डॉट रिझॉल्व्ह आणि रिकामा कंस, मग डॉट पेरेंट (याला कंस नाही). झाला स्क्रिप्टचा फोल्डर, कुठूनही चालवा. ज्युपिटर नोटबुकमध्ये मात्र हे नेम एरर देतं, तिथे सीडब्ल्यूडीच.

ओएस डॉट सीएचडिरने डिरेक्टरी बदलता येते, पण ती अख्ख्या प्रोसेसची (म्हणजे चालू असलेल्या पूर्ण प्रोग्रामची) बदलते, त्यात एकाच वेळी चालणाऱ्या सगळ्या थ्रेड्सकट, म्हणून शक्यतो नकोच.

आणि युजर स्वतः कमांडसोबत फाइलचं नाव देत असेल तर तिथे सीडब्ल्यूडीच बरोबर, तो ज्या फोल्डरमध्ये बसलाय तिथलंच नाव देणार ना.