कर्ज असताना मुदत विमा घेताय? हे जोडपत्र विसरू नका
धंद्याचे किंवा घराचे कर्ज डोक्यावर असलेल्या विवाहित पुरुषाने टर्म इन्शुरन्सचा प्रस्ताव अर्ज भरतानाच, विवाहित महिला संपत्ती कायदा, 1874 खालील जोडपत्र त्यासोबत अवश्य भरावे. या कायद्याच्या कलम 6 नुसार अशी पॉलिसी पत्नी, मुले किंवा दोघांच्याही हितासाठीचा न्यास (ट्रस्ट, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेली मालमत्ता) मानली जाते. त्यामुळे कर्त्या माणसाचे काही बरेवाईट झाल्यास विम्याच्या रकमेवर बँक, सावकार किंवा भाऊबंद यांना हक्क सांगता येत नाही आणि मुलांचे शिक्षण पैशापायी अडत नाही. धनकोंना फसवण्याच्या हेतूने काढलेल्या पॉलिसीला मात्र हे संरक्षण मिळत नाही.

जोडपत्रात लाभार्थींची नावे, प्रत्येकाचा हिस्सा आणि विश्वस्त नेमल्यास त्याचे नाव लिहावे. मुले अल्पवयीन असतील तर जबाबदार नातेवाइकाला विश्वस्त नेमणे मला अत्यावश्यक वाटते. विधुर किंवा घटस्फोटित पित्यालाही केवळ मुलांसाठी अशी पॉलिसी घेता येते. पॉलिसी सुरू झाल्यावर ही तरतूद जोडता येत नाही आणि एकदा नेमलेले लाभार्थी आपल्या मर्जीने बदलताही येत नाहीत, म्हणून हिस्से घरच्यांशी बोलून, नीट विचार करूनच ठरवावेत. कर्जासाठी बँकेला पॉलिसी तारण हवी असेल, तर त्यासाठी दुसरी, स्वतंत्र पॉलिसी घ्यावी.