ग्लिया पेशी कुठून येतात, कशा पसरतात: अभ्यास करताना या चुका टाळा

एक मार्कर (पेशी ओळखायला शोधतात ते प्रथिन) चमकला की लगेच पेशीचं नाव ठरवून मोकळं व्हायचं, ही सवय आधी सोडा. ग्लिया, म्हणजे मेंदूत न्यूरॉनना आधार देणारी पेशी, ओळखायची तर ती कुठून आली आणि कधी आली हे बघावंच लागतं.

सगळ्यात जास्त घोळ जीएफएपीचा, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट (ताऱ्यासारख्या आकाराची ग्लिया) ओळखायला वापरतात त्या प्रथिनाचा. प्रौढ उंदराच्या कॉर्टेक्सचं (मेंदूच्या बाहेरच्या थराचं) सेक्शन स्टेन केलं, मधल्या थरांत काहीच दिसलं नाही, की लोक लिहून टाकतात इथे अ‍ॅस्ट्रोसाइट नाहीत. अहो, भरपूर असतात, फक्त ग्रे मॅटरमधल्या (जिथे न्यूरॉनची मुख्य शरीरं असतात त्या भागातल्या) निरोगी अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये जीएफएपी इतकं कमी असतं की दिसतच नाही, तिथे सॉक्स9 हा दुसरा मार्कर लावून बघा. पण तोच सॉक्स9 गर्भात लावून अ‍ॅस्ट्रोसाइट मोजू नका, कारण तेव्हा तो रेडियल ग्लिया या मूळ पेशींमध्येही असतो, आणि त्या रेडियल ग्लिया आधी न्यूरॉन बनवतात, नंतर अ‍ॅस्ट्रोसाइटकडे वळतात. ऑलिग2 या मार्करचं पण तसंच, मज्जारज्जूत जिथून मोटर न्यूरॉन निघतात तिथूनच पुढे ऑलिगोडेंड्रोसाइटच्या (न्यूरॉनच्या तंतूंवर मायलिनचं आवरण घालणाऱ्या ग्लियाच्या, थोडक्यात ऑलिगोच्या) पूर्वज पेशी निघतात, म्हणून एकटा ऑलिग2 पुरत नाही, सोबत सॉक्स10 हा मार्कर हवाच.

आता लिनिएज ट्रेसिंग, म्हणजे पेशीवर कायमची खूण करून तिचे वंशज शोधणं. उंदराच्या पुढच्या मेंदूत ऑलिगोच्या पूर्वज पेशी तीन लाटांत येतात, पहिली गर्भाच्या साधारण 12व्या-13व्या दिवशी खालच्या भागातून, दुसरी दोन-तीन दिवसांनी, तिसरी जन्माच्या सुमारास खुद्द कॉर्टेक्समधून. पहिल्या लाटेच्या बहुतेक पेशी कॉर्टेक्समधून पुढे नाहीशा होतात. त्यामुळे प्रौढ उंदरात त्या सापडल्या नाहीत तर क्रे (ही खूण चालू करणारं एन्झाइम) चाललंच नाही असं ठरवण्याआधी जन्माच्या आसपासचा टप्पा कापून बघा. आणि एक लाट मारून टाकली तरी बाकीच्या लाटा जागा भरून काढतात, म्हणजे शेवटी संख्या तेवढीच दिसली म्हणून त्या लाटेचं काही काम नव्हतं असा अर्थ काढणं मला तरी फार घाईचं वाटतं.

पसरण्याची पद्धतही सगळ्यांची एक नाही. ऑलिगोच्या पूर्वज पेशी रक्तवाहिन्यांना धरून लांबवर सरकत जातात. अ‍ॅस्ट्रोसाइट मात्र एकदा कॉर्टेक्समध्ये पोचले की जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जागच्या जागी विभागून वाढतात, म्हणून ईडीयू (विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएत शिरणारी खूण) देऊन फक्त व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) कडेला शोधत बसलात तर बरेचसे हातचे जातील.

ग्लिया न्यूरॉनच्या दहापट असतात हे वाक्य प्लीज काढून टाका. 2009 च्या मोजणीत माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज न्यूरॉन आणि बाकी सगळ्या पेशी मिळून सुमारे 85 अब्ज निघाल्या.

ऑर्गनॉइडमध्ये (स्टेम सेलपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या छोट्या मेंदूसारख्या गोळ्यात) मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, नाहीत म्हणून प्रोटोकॉल फसला असं समजू नका. त्या न्यूरल पेशींपासून बनतच नाहीत, गर्भाच्या योक सॅकमधून (गर्भाला जोडलेल्या पिशवीतून) मेंदूत शिरतात, त्यामुळे हव्या असतील तर वेगळ्या बनवून घालाव्या लागतात. आणि सिंगल सेल डेटात (एकेका पेशीतले चालू जीन मोजलेल्या डेटात) मायक्रोग्लियामध्ये फॉस, जून हे ताण आल्यावर चालू होणारे जीन अचानक वाढलेले दिसले तर आधी टिश्यू कसं सुटं केलं ते विचारा, 37 डिग्रीवर एन्झाइममध्ये ठेवल्यानेही ते वाढतात.